दुसरा आजार

सोमवारी सकाळी साडेआठ वाजता मंचरच्या डायलिसिस केंद्रात अश्विनी सिस्टरने सरूबाईच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब साखरेच्या मशीनवर घेतला.

"आली का साखर?" सरूबाईने विचारलं.

शेजारच्या खाटेवर नूरबी होती. तिचं डायलिसिस सुरू झालं होतं. तिच्या डाव्या पायाला पट्टी होती. साखरेमुळे त्या पायाची दोन बोटं पावसाळ्यात काढावी लागली होती.

डायलिसिस सरकारी योजनेतून फुकट होतं. न्यायला-आणायला गाडी आणि दुपारचं जेवण मात्र वेगळ्या पूरक विम्यातून मिळायचं. या महिन्यापासून विमा कंपनीने नियम बदलला. नुसती किडनी गेली म्हणून गाडी नाही, जोडीला दुसरा मोठा आजार हवा. नूरबीला तो होता. सरूबाईला नव्हता. म्हणून आज तिची साखरेची तपासणी होती, निकाल येईपर्यंत गाडी चालू होती, आणि तिला उपाशीपोटी यायला सांगितलं होतं.

सरूबाई शिनोलीला गाडीत बसायची, नूरबी घोडेगावला. मध्यंतरी एकदा गाडी नादुरुस्त होती. त्या दिवशी डायलिसिस झाल्यावर सरूबाई एसटीने निघाली आणि घोडेगावच्या स्टँडवर चक्कर येऊन पडली. कंडक्टरने उचलून बाकड्यावर निजवलं होतं.

आज गाडीत ती नूरबीशी एक शब्द बोलली नव्हती. उतरताना ड्रायव्हरने नूरबीला हात दिला, तेवढंही तिला पाहवलं नाही. आता मात्र ती बोलली.

"तुझं बरंय नूरबी. तुला दोन दोन हायेत."

नूरबीने मान वळवली. "घे की माझी साखर. बोटं बी दिली असती, पण ती डाक्टरनं ठिवून घेतली."

"तुझी गाडी पक्की हाये म्हणून सुचतंय तुला."

अश्विनी मशीनकडे पाहत होती. आकडा चांगलाच चढला होता. तिने सरूबाईच्या तोंडाकडे पाहिलं. ओठाच्या कडेला खव्याचा कण होता.

सरूबाईचा मुलगा सुदर्शन भीमाशंकरला प्रसादाचे पेढे विकतो. विचारल्यावर सरूबाईने काही लपवलं नाही. पहाटे त्याच्या मालातले पाव किलो खाल्ले, म्हणाली. शेवटचे दोन घशाखाली उतरेनात, आणि किडनीमुळे तिला पाणी मोजूनच प्यायचं असतं.

अश्विनी रागावली नाही. हा आकडा केंद्राच्या नोंदीसाठी असतो, कंपनी तो धरत नाही, असं तिने सांगितलं. त्यांना वेगळी तपासणी लागते. तिच्यात मागच्या तीन महिन्यांची साखर कळते, एका सकाळच्या पेढ्यांनी काही होत नाही. तिने रक्ताची नळी भरून घेतली आणि सरूबाईचं डायलिसिस सुरू केलं.

सरूबाईची नजर शेजारच्या खाटेवर गेली आणि पट्टीवर थांबली.

"सिस्टर, म्हंजी आजपासनं रोज खाल्लं, तर तीन महिन्यांनी येईल का?"

नूरबीने पाय हळूच चादरीखाली ओढून घेतला.

नळी दुपारी पुण्याला गेली. गुरुवारी पुढच्या डायलिसिसला गाडी शिनोलीत थांबणार की नाही, हे बुधवारी संध्याकाळपर्यंत कळलेलं नव्हतं.