लाल शाईची तारीख

एक डोळा झाला, ब्रश पुन्हा मस्काऱ्याच्या बाटलीत बुडाला आणि दुसऱ्या पापणीपाशी जाताच पार्लरवाल्या ताईंचा हात थबकला. खुर्चीतल्या बाईच्या दोन्ही डोळ्यांच्या कडा लाल होत्या. कोपऱ्यात चिकट पाणी साचलं होतं.

“आज डोळ्यांना काही लावायचं नाही. आधी डॉक्टरांना दाखवा.”

“अहो, लग्नाला निघालेय मी!”

“लग्नं पुन्हा येतील. डोळे पुन्हा मिळणार आहेत का?”

बाई फणकाऱ्याने निघून गेली. गिऱ्हाइकं ताईंना मागून कायदेबाई म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. एकीचं काजळ दुसरीला नाही, दर वेळी नवा ब्रश, मस्काऱ्याच्या प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख लाल शाईने आणि तीन महिन्यांनी ती कचऱ्यात. लहानपणी बहिणीचं काजळ लावून त्यांनी महिनाभर डोळ्यांचं दुखणं भोगलं होतं. तेव्हापासून ताकही फुंकून प्यायची सवय लागली.

आज मात्र घाईत तोच ब्रश पुन्हा बाटलीत गेला होता. ताईंनी हात धुतले आणि बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली. पाच तारखेची, म्हणजे उघडून आठवडाही झाला नव्हता.

झाडलोट करणाऱ्या मावशी डबा उचलताना थांबल्या. “ताई, ही तर भरलेली आहे.”

“असू दे. टाकायचं म्हणजे टाकायचं.”

तेवढ्यात फोन वाजला आणि बोलणं तिथेच राहिलं. चूक झाली होती, पण वेळीच निस्तरली, याचं ताईंना दिवसभर बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात मावशी दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या लेकीला हाताशी धरून. पोरीचा उजवा डोळा सुजून बंद झाला होता. सोमवारपासून ती एका हॉटेलच्या काउंटरवर कामाला लागणार होती. घरातली पहिली पगाराची नोकरी. मावशींनी ही बातमी पार्लरमध्ये चारदा तरी सांगितली होती.

हातातलं काम टाकून ताईंनी शटर ओढलं आणि रिक्षा थांबवली.

“काय लावलं होतंस डोळ्याला?” वाटेत त्यांनी विचारलं.

“मस्कारा. नोकरीवर नीटनेटकं दिसावं म्हणून दोन दिवस लावून बघत होते.”

“फुटपाथवरचा ना?”

पोरीने आईकडे पाहिलं.

“नाही हो ताई,” मावशी घाईने म्हणाल्या. “रस्त्यावरचं मी तिला हातसुद्धा लावू देत नाही. इतकी वर्षं तुमच्याकडे बघतेय ना मी.”

ताईंना भरून आलं. आपल्या कायद्यांची आजवर सगळ्यांनी टिंगलच केली होती. निदान हिने तरी काही घेतलं. त्यांनी मावशींचा हात दाबला.

“मग मैत्रिणीचा असेल. या पोरींना कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी.”

मावशींनी मांडीवरची पिशवी जवळ ओढून घेतली.

डॉक्टरांनी बराच वेळ डोळा तपासला. “बुबुळावर जखम झालीय. आज आणलीत म्हणून वाचवता येईल. आणखी दोन दिवस काढले असते तर नजरच गेली असती.”

मावशी लेकीला कवटाळून रडू लागल्या. ताईंनी त्यांना सावरलं, पण संताप काही त्यांना आवरेना.

“डॉक्टर, ज्या कुणाची ही वस्तू असेल ना, तिला मी जाब विचारणार आहे. लोकांच्या डोळ्यांशी खेळ म्हणजे काय!”

“आधी वस्तू तर बघू. आणलीय का?”

मावशींनी ताईंकडे पाहिलं, मग खाली. पिशवीतून रुमाल काढून त्यांनी हळूहळू गाठ सोडली.

आत मस्काऱ्याची बाटली होती, जवळजवळ भरलेली. तिच्यावर लाल शाईने, ताईंच्या वळणदार अक्षरात, पाच तारीख लिहिली होती.