मंगळाची हवा

वीरण्णानं होकायंत्र तनुजाच्या टेबलावर, थेट तिच्या कागदांवर ठेवलं. सुई थरथरली आणि शेजारच्या लोखंडी कपाटाकडं वळून थांबली.

"बघा नागाबाई. उत्तर सरकलीय. दोष इथंच हाय."

तनुजाच्या सासूबाई नागाबाईंनी तिच्या खांद्यावरच्या नातीचं कपाळ चाचपलं. पाच महिन्यांचं लेकरू, महिन्यात तिसऱ्यांदा तापलेलं. डॉक्टरचं औषध चालूच होतं. तरी लातूरभर नाव असलेल्या वास्तुवाल्या वीरण्णाला बोलावणं गेलं होतं.

"काका, कपाट लोखंडाचं हाय," तनुजा म्हणाली. "सुई त्याच्याकडं ओढली गेली. जरा लांब धरून बघा."

"पंधरा वर्षं झाली, ताई, सुई बघायलोय." त्यानं होकायंत्राखालचा कागद उचलला. लाल गोळा आणि त्याच्यावर आदळणाऱ्या रेघा. "हे काय?"

"मंगळ. त्याला पूर्वी चुंबकाचं कवच होतं, आपल्या पृथ्वीसारखं. ते विझलं. मग सूर्याकडनं येणारा वारा त्याची हवा थोडी थोडी नेत राहिला."

"ऐकलं का?" नागाबाई म्हणाल्या. "लोक मंगळाची शांती करतेत. आमच्या सूनबाईनं त्याला टेबल मांडून दिलंय."

टेबल जिन्याखाली न्यायचं ठरलं. कपाट रुखवतातलं, त्याचं नावही कुणी काढलं नाही.

सोमवारी प्रबंधाचं हे मंगळाचं प्रकरण तिला नांदेडला विद्यापीठात मार्गदर्शक सरांना द्यायचं होतं. तिसरी मुदत. चौथी मिळणार नाही, हे त्यांनी सांगूनच ठेवलेलं. लेकरू निजलं की दार लोटून बसायला घरात ही खोलीच एक जागा होती.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. दयानंद वीज कंपनीत लाईनमन. सुई लोखंडाकडं का वळते, हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

"धर त्या बाजूनं," तो खाली बघत म्हणाला.

तिनं इवल्या मुठीतून पदर हलकेच सोडवला, लेकरू सासूबाईंकडं दिलं आणि टेबल धरलं.

ती दोघं परत आली तेव्हा वीरण्णा खोलीच्या मधोमध उभा होता, होकायंत्र तळहातावर. सुई सरळ उत्तरेला. नागाबाईंनी नातीसकट हात जोडले.

कागद ठेवायला तनुजा जिन्याखाली वाकली. तिथं दिवा नव्हता, दारही नव्हतं. मागोमाग दयानंद आला.

"कपाटामुळंच वळली होती ती," तो हळूच म्हणाला.

"मग बोलला का न्हाई?"

"कपाट हलवायला चार माणसं लागतेत गं. टेबलाला आपण दोघंच पुरलो."