तळव्यांचा ठेका

"ही वायर आता येत नाही, बाई. नवा स्पीकर सेट घ्या," या दुकानदारानेही तीच री ओढली.

उज्ज्वलाने उंदराने कुरतडलेली वूफरची वायर काउंटरवर आपटली. "तुमच्या रेडिओला लावलीय, ती अशीच आहे की!"

"ती माझी. मॅच चालू आहे. आणि तुमचे छोटे स्पीकर वाजतात ना? मग गाणं ऐकू येतंच!"

"मला येतं. माझ्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही. वूफरचा ठोका जमिनीतून तळव्यांना लागतो, त्यावर ती नाचते. उद्या शाळेचं गॅदरिंग आहे. वायर घेतल्याशिवाय मी हलणार नाही."

रेडिओवर शेवटचं षटक सुरू होतं. जिंकायला चारच धावा हव्या होत्या. दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं, रेडिओमागे हात घातला आणि वायर उपटली.