आजोबांची पसंती

“चावतो का?” कळपवाल्याने विचारलं.

“कारण असल्याशिवाय नाही,” प्राण्यांच्या निवाऱ्यातली बाई म्हणाली.

पिंजऱ्यातला कुत्रा उठायला वेळ घेत होता. आधी पुढचे पाय, मग जरा विसावा, मग मागचे. वासराएवढं धूड. उन्हाळ्यासाठी भादरल्यामुळे तो आखाडा सोडलेल्या पैलवानासारखा दिसत होता. निवाऱ्यात सगळे त्याला आजोबा म्हणत. त्याने कळपवाल्याचा हात हुंगला, बराच वेळ हुंगला, आणि परत आपल्या कांबळ्यावर जाऊन बसला. कांबळं जुनं, जाड, मेंढपाळ खांद्यावर घेतात तसलं, एका कोपऱ्यात जळलेलं.

“हा राखण करणार? मला वाटलं, निदान अंगावर तरी येईल.”

“इथे राखायला आहे काय? मेंढ्यांत सोडेपर्यंत तो कामावर नसतो.”

“मला कामावरचाच हवाय. गेल्या महिन्यात माझी दोन कोकरं उचलून नेली कुणीतरी.”

“पोलिसांत गेलात?”

“पोलीस कशाला?” कळपवाला हसला. “एकदा हाताला लागू दे. फाटक आतून लावून घेईन. मग तो आणि मी.”

कुत्र्या-मांजरांची सेवा करणारी बाई आता दयेवर चार शब्द ऐकवणार, असं त्याला वाटलं होतं. तिने पिंजऱ्याची कडी लावली.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या मेंढ्यांना हात लावणाऱ्याला सोडू नये.”

बाई त्याला एकदम पसंत पडली.

“सापडला कुठे हा?”

“हमरस्त्यावर. पंजे सोलून निघाले होते. फार लांबून चालत आला असावा.”

“आणि मालक?”

“मालक नाही आता.” बाईने हात झटकले. “वय झालंय त्याचं. आणखी एक हिवाळा या फरशीवर नाही काढायचा तो. पण घर बघितल्याशिवाय मी देत नाही. त्याला घेऊन येईन. पटलं तर ठेवू.”

“म्हणजे मुलगी बघायला येताय की काय?”

“मुलाकडचे आम्ही. नाकं मुरडायचा हक्क आमचा.”

बाहेर पडताना झाडूवाल्याने त्याला गाठलं. “फार आशा धरू नका, साहेब. आजोबा आला त्याच आठवड्यात बाई इथे कामाला लागल्या. त्याच्यासाठी कुणी आलं की त्याला घेऊन स्वतः जातात. मेंढ्या बघतात आणि परत येतात. अजून एक घर पसंत नाही.”

“माझं पडेल,” कळपवाला म्हणाला.

रविवारी निवाऱ्याची गाडी आली. ड्रायव्हर खाली उतरला नाही, पाणी नको म्हणून त्याने नुसता हात हलवला. बाईने आजोबाला कांबळ्यासकट उतरवलं. कळपवाल्याची बायको दारात आली आणि दोन पावलं मागे सरली.

“अहो, हा कुत्रा आहे की घोडा? याला खायला घालता घालता आपणच उपाशी राहू.”

“चोर तरी येणार नाहीत,” नवरा म्हणाला.

“येतील, पण परत जाणार नाहीत,” बाई म्हणाली. बायको हसली आणि चहा टाकायला आत गेली.

मेंढवाड्याला छातीएवढी जाळी होती. बाई जाळीवर हात ठेवून उभी राहिली. बऱ्याच थोराड मेंढ्यांचे कान एकाच जागी, खुणेचा बिल्ला टोचतात तिथे, फाटलेले होते.

“कान कशाने फाटले?”

“तारेत अडकतात. नको तिथे डोकं घालायची सवय फार, माणसांसारखीच.”

बाईने मान डोलावली. “आज आत सोडायचं नाही हं. एवढा मोठा परका कुत्रा पाहिला की मेंढ्या घाबरून एकमेकींवर चढतात, चेंगरून मरतात. आधी पंधरा-वीस दिवस जाळीआडून ओळख. मग आत.”

“तुम्हाला बरंच माहीत आहे.”

“शिकावं लागलं.”

आजोबाचं नाक जाळीला लागलं होतं. त्याचं अंग थरथरत होतं. मग त्याने एकच हिसडा दिला. पट्टा बाईच्या हातातून निसटला. कडी न घालता नुसतं लोटलेलं फाटक उघडलं आणि म्हातारा आत घुसला.

“धरा त्याला,” म्हणत कळपवाला मागे धावला. बाईही आत आली, पण सावकाश.

तरण्या मेंढ्या धावत जाऊन कोपऱ्यात दाटल्या. थोराड मेंढ्या जागच्या हलल्या नाहीत. मोडक्या शिंगाची एक तर पुढे आली आणि तिने डोकं खाली केलं. आजोबाने तिचे डोळे चाटले. मग तो तिच्या पायांशी बसला आणि बाकीच्या त्याला खेटून उभ्या राहिल्या.

कळपवाला पाहतच राहिला. “पंधरा दिवस कसले, पंधरा क्षणही लागले नाहीत. पसंत पडलं ना घर?”

“पडलं,” बाई म्हणाली.

तिने काखेतलं कांबळं उलगडून स्वतःच्या खांद्यावर घेतलं, जळका कोपरा पुढे येईल असं. मग जीभ टाळूला लावून तिने एक लांब, घोगरी हाळी दिली. फाटक्या कानांच्या सगळ्या मेंढ्यांनी एकदम माना वर केल्या, तिच्याभोवती गर्दी केली आणि तोंडं कांबळ्यात खुपसली.

कळपवाला फाटकाकडे वळला. आजोबा उठून आधीच वाटेत उभा होता, आता पुरता कामावर. आणि त्याच्यामागे, ड्रायव्हरच्या जागेवरून उतरून आलेला बाईचा दीर फाटक आतून लावून घेत होता.