आऱ्याचे कुलूप

कामावर उशिरा आलेला फिटर फाटकापाशीच थबकला. लाकडाच्या गिरणीतला मोठा आरा मुका उभा होता, आणि काल संध्याकाळी त्याने स्वतः मेन स्विचला लावलेले कुलूप तसेच लोंबत होते. नवे पाते बसवून झाल्यावर ते काढायला तो साफ विसरला होता. किल्ली खिशात होती. पण सगळ्यांदेखत पुढे होण्याचा धीर होईना. तो ओंडक्यांच्या थप्पीआड उभा राहिला.

"फोडा ते," मुकादम हातोडी घेऊन म्हणाला. "फिटरसाहेबांची झोप होईतो गिरणी बंद ठेवायची काय?"

"नाही," आरा चालवणारा म्हणाला. तो फिटरचा सख्खा थोरला भाऊ. घराची वाटणी झाली, अंगणात भिंत उभी राहिली, आणि तेव्हापासून दोघांत बोलणे नव्हते. "कुलूप आहे म्हणजे आत माणूस आहे, असंच धरायचं. ज्यानं लावलं, त्यानंच काढायचं."

"भावाचा भलताच पुळका आलाय."

"भाऊबिऊ मी जाणत नाही. नियम जाणतो."

थप्पीआड धाकट्याने मान खाली घातली. एवढे ऐकण्यासाठीच आपल्याला उशीर झाला की काय, असे त्याला वाटले.

थोरल्याने आऱ्याखालच्या खड्ड्यात डोकावून पाहिले. रात्रीतून भुसा ढासळला होता. अंधाऱ्या कोपऱ्यात त्याचा माणसाएवढा ढीग साचला होता. थोरला त्या ढिगाकडे बघतच राहिला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. मग फावड्यासाठीही न थांबता तो पात्याच्या दातांखालून आत उतरला आणि दोन्ही हातांनी भुसा उपसू लागला.

"चिमण्या," खालून आवाज आला. फाटलेला, ओळखू न येणारा. "चिमण्या, आहेस का रे इथं?"

आई गेल्यापासून त्या नावाने धाकट्याला कोणी हाक मारली नव्हती.

मुकादमाच्या हातात हातोडी अजून होती. धाकटा धावत आला, स्विचला पाठ लावून उभा राहिला, आणि किल्ली त्याने मुठीत घट्ट आवळली.

"आहे, दादा," तो म्हणाला. "किल्ली माझ्याजवळ आहे. तू सावकाश वर ये."