नुसतं ऐकायला

लिंबायतमधल्या एका ऑर्केस्ट्रात उज्ज्वला सिंथेसायझर वाजवायची. त्यावर स्वतः नवे आवाज घडवायला ती नुकतीच शिकत होती. तिला संबळाचा आवाज हवा होता, पण कितीही बटणं फिरवली तरी पत्र्याचा डबा बडवल्यासारखंच वाजायचं. मग ऑर्केस्ट्रातले संबळवाले उखाकाका रोज संध्याकाळी तिच्या शेजारी येऊन बसू लागले. ते संबळ वाजवून दाखवायचे आणि ती तसाच आवाज काढू पाहायची. अखेर एकदाचं जमलं.

ऐकून मालक खूश झाला. "आता उखाचं काय काम? तूच सांगून टाक त्याला."

तिच्याने खरं बोलवेना. "काका, गोडादऱ्यातल्या लग्नात तुम्ही नुसतं ऐकायला या," एवढंच ती म्हणाली.

काका इस्त्रीचा सदरा घालून आले आणि पुढच्याच खुर्चीवर बसले. गाणं संपताच शेजाऱ्याला म्हणाले, "इले मीच शिकाडं!" मग स्टेजपाशी येऊन त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"भारी वाजनं, बेटा! पुढला लगनमा आपण दोन्ही संगे वाजाडूत."

"हो काका," उज्ज्वला म्हणाली. तिला मान वर करता आली नाही.