बंद पडलेलं कार्ड

"कार्ड बंद झालंय तुमचं," विम्याच्या दवाखान्यातला कारकून त्रिंबक म्हणाला आणि त्यानं डॉक्टरांची चिठ्ठी खिडकीतून परत बाहेर सरकवली.

रेवणप्पा हलला नाही. दम्याच्या गोळ्यांची बरणी त्रिंबकच्या पाठीमागच्या फळीवरच होती. हात लांब केला असता तर लागली असती.

"मागच्या महिन्यापत्तूर देत व्हता की."

"तुम्ही दसऱ्याला निवृत्त झालात. जुन्या वर्गणीवर पुढं काही महिने मिळतं. ते संपले."

"पर दमा मिलमधीच लागला, सायेब. एकतीस वर्सं कार्डिंग खात्यात कापसाची धूळ खाल्ली. दर पगाराला विम्याचं कापून घेतलं."

"म्हणून तर एकतीस वर्षं औषध दिलं."

विमा कामगाराचा होता आणि रेवणप्पा आता कामगार राहिला नव्हता. फक्त दम्याला कुणी निवृत्त केलं नव्हतं. निरोपाच्या दिवशी मोठ्या साहेबांनी शाल, नारळ आणि निरोगी दीर्घायुष्याच्या शुभेच्छा दिल्या होत्या. तिन्हींपैकी फक्त नारळ उपयोगी पडला.

त्याच गोळ्या सात रस्ता चौकातल्या औषधाच्या दुकानात मिळत होत्या. किंमत ऐकून रेवणप्पाला दुकानातच धाप लागली. दुकानदार भला माणूस. त्यानं बसायला स्टूल दिलं.

दुसऱ्या दिवशी थोरली लेक गंगव्वा आपलं कार्ड घेऊन खिडकीशी आली. नवरा वारल्यापासून ती दोन पोरांना घेऊन माहेरी होती आणि मिलच्या वायंडिंग खात्यात सूत गुंडाळायचं काम करत होती. घर आता तिच्याच पगारावर चालत होतं.

"माज्या कार्डावर बापाचं नाव घाला."

"घालता येत नाही. आईबाप पुरुषाच्या कार्डावर चालतात. बाईच्या कार्डावर नवरा आणि मुलं."

"अन् ज्याला पोरगा न्हाय, त्या बापानं काय करायचं?"

त्रिंबकनं नियमाचं पुस्तक चाळून पाहिलं. माणूस प्रामाणिक होता. "त्याबद्दल काही दिलेलं नाही," तो म्हणाला.

महिना असाच गेला. रेवणप्पा बसून झोपायला शिकला. चाळीतल्या लोकांनी ओवा, रुईचं फूल, गाढविणीचं दूध असे उपाय सुचवले. त्या उपायांना कार्ड लागत नव्हतं आणि गुणही येत नव्हता.

त्याची बायको बसव्वा हे सगळं बिड्या वळता वळता ऐकत होती. ती लग्न होऊन आली तेव्हापासून बिड्या वळत होती. मिलला सात महिने टाळं लागलं तेव्हा चूल या बिड्यांवरच पेटली होती. पण घरी बसून केलेलं काम सरकारदरबारी काम नव्हतं, म्हणून तिला कसलंच कार्ड नव्हतं.

एका सकाळी तिनं बिड्यांचं सूप बाजूला ठेवलं.

"तुमच्या खात्यात झाडायला बाई पायजे म्हनं."

रेवणप्पा ताडकन उठला. दोन शब्दांसाठी त्याला चार श्वास घ्यावे लागले. "त्या खात्यात न्हाय. तितं काय हाय, मला ठावं हाय."

"मलाबी ठावं हाय. रोज रातीला शेजारी ऐकतीय की."

"मग कशाला मरायला जातीस?"

"तुमच्या दम्याचं औषध फकस्त तितंच मिळतंय," बसव्वा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती कामावर गेली. मिलनं तिचं वय विचारलं नाही. झाडूला वय नसतं. कार्डिंग खात्यातली धूळ खाली बसायची, ती झाडून पुन्हा वर उडवायची, असं ते काम होतं. पगारातून पहिल्याच महिन्यात विम्याचं कापलं गेलं आणि पुढं यथावकाश कार्ड आलं.

त्या दिवशी पाळी सुटल्यावर ती तशीच दवाखान्यात आली. रेवणप्पा आधीच रांगेत उभा होता. त्यांचा नंबर आला तेव्हा त्रिंबकनं एक छापील कागद त्याच्यापुढं सरकवला.

"आता काही अडचण नाही. मी पत्नीवर अवलंबून आहे, असं तेवढं लिहून द्या."

मागं त्याच्याच खात्यातला गुरुलिंग उभा होता. तो हसला. "काय रेवणप्पा! बायकोच्या जिवावर व्हय?" रांगेत आणखी दोघे-तिघे हसले. रेवणप्पाचे कान तापले. त्याच्या आवाजानं एके काळी यंत्रावरचे गडी दचकायचे. त्यानं कागद परत ढकलला. गोळ्या नकोत, म्हणून सांगायला तोंड उघडलं. श्वास पुरला नाही.

तो भिंतीला टेकला. बसव्वानं पुढं होऊन त्याचा दंड धरला. तिच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर कापूस बसला होता. तिला खोकला आला. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं तोंड वळवलं आणि पदर दाबून धरला.

रेवणप्पा तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं कागद पुढं ओढला आणि त्रिंबकनं बोट दाखवलं तिथं सही केली.

"एक रकाना राहिला," त्रिंबक म्हणाला. "अवलंबून कधीपासून? बाईंच्या नोकरीची तारीख टाकतो."

"ती नगं," रेवणप्पा म्हणाला. "लग्नाची टाका."